सुई हाती येण्याच्या आसपासची दोन वर्षे : पूर्व आफ्रिकेतील तरुण, हेरॉईन आणि एचआयव्ही

नैरोबीतील एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या मराठी शिक्षिकेने प्रश्न विचारला आहे. त्यांच्या शाळेत दरवर्षी व्यसनमुक्तीवर एक आणि एचआयव्हीवर एक अशी दोन व्याख्याने होतात. दोन्ही विषय वेगळे ठेवले जातात आणि दोन्हींचा सूर भीतीचा असतो. व्यसन आणि एचआयव्ही यांचा संबंध केवळ दूषित सुईपुरता आहे का, तरुणच त्यात अधिक का सापडतात, आणि शाळेसारख्या ठिकाणाहून खरोखर काही करता येते का, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे. केनियाच्या किनारपट्टीवर व्यसनोपचाराच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून उत्तर मुख्यतः त्या भागाला धरून देतो. आफ्रिका हा एवढा मोठा खंड आहे की ‘आफ्रिकेतील तरुण’ असे सरसकट बोलून कोणाच्याही हाती काही लागत नाही.

आधी प्रमाण नीट समजून घ्यावे लागेल. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत एचआयव्हीचा बहुतांश प्रसार आजही लैंगिक संबंधांतून होतो, आणि १५ ते २४ वयोगटातील मुलींना त्याच वयाच्या मुलांपेक्षा संसर्गाचा धोका कितीतरी अधिक आहे. शिरेतून नशा करणाऱ्यांची संख्या एकूण लोकसंख्येच्या मानाने लहान आहे. मात्र त्या लहान गटात विषाणू फार दाटून बसलेला आहे. केनियात २०१८ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांमधील एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ४.९ टक्के आढळले होते. शिरेतून नशा करणाऱ्यांमध्ये ते त्याआधीच्या पाहणीत १८ टक्क्यांच्या घरात होते. झांझिबारमधील तफावत याहून ठळक आहे. तेथे सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असताना २००७ च्या अभ्यासात शिरेतून नशा करणाऱ्यांमध्ये ते १६ टक्क्यांच्या आसपास निघाले. यामागचे शरीरशास्त्र सरळ आहे. बाधित व्यक्तीने वापरलेल्या सुईने स्वतःला टोचून घेतल्यास संसर्गाची शक्यता दर दहा हजार वेळांमागे सुमारे ६३ इतकी धरली जाते, तर स्त्रीला बाधित पुरुषाशी होणाऱ्या असुरक्षित योनीसंबंधातून ती दर दहा हजारांमागे सुमारे ८ असते. त्यातही हेरॉईनचे व्यसन लागलेला माणूस दिवसातून तीन-चार वेळा टोचून घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे काही महिन्यांत काय घडू शकते याचा अंदाज येतो.

हेरॉईन या किनाऱ्यावर आले ते मूळचे येथील मागणीमुळे नव्हे. अफगाणिस्तानातील माल इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यावरून गलबतांत भरून हिंदी महासागरमार्गे केनिया, टांझानिया, मोझांबिककडे येतो आणि तेथून पुढे दक्षिण आफ्रिकेत व युरोपात जातो. ज्या बंदरांतून माल जातो तेथे तो थोडा सांडतोच, कारण वाहतुकीतील लहान हस्तकांना मोबदल्यात अनेकदा मालच दिला जातो आणि तो खपवण्यासाठी गिऱ्हाईक जवळपासच शोधावे लागते. मोंबासा, मालिंदी, लामू, झांझिबारचे स्टोन टाउन आणि दार-एस-सलाम येथे ऐंशीच्या दशकापासून तपकिरी हेरॉईन मिळू लागले. मुंबईत ज्याला आपण गर्द किंवा ब्राउन शुगर म्हणतो, तोच हा प्रकार. ते पन्नीवर तापवून धूर ओढण्याजोगे असते, किंवा गांजात मिसळून विडी करता येते. नव्वदीच्या दशकाच्या शेवटास पांढरे हेरॉईन येऊ लागले. ते पाण्यात सहज विरघळते, म्हणजेच टोचून घेण्यास सोयीचे असते. किनाऱ्यावरील एचआयव्हीचा नकाशा बदलण्यात मालाच्या या रासायनिक फरकाचा वाटा मोठा आहे, आणि व्यसनाला केवळ चारित्र्याचा प्रश्न मानणाऱ्यांच्या लक्षात ही गोष्ट सहसा येत नाही.

शिक्षिकाबाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे तरुणच का, याचे उत्तर याच टप्प्यात आहे. बहुतेक मुले सुरुवात सुईने करत नाहीत. पंधरा-सोळाव्या वर्षी सिगारेट, गांजा, मिरा (नशा आणणारी पाने व कोवळ्या काड्या) चघळणे, मग मित्रांच्या कट्ट्यावर गांजात थोडी ‘उंगा’ मिसळलेली विडी, असा तो रस्ता असतो. किनाऱ्यावर हेरॉईनला उंगा म्हणतात आणि लहान पुडीला केटे. काही महिन्यांत शरीर सवयीचे होते, आणि पुडी वेळेवर मिळाली नाही की जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात पिळवटून येणाऱ्या कळा, हाडे दुखणे आणि झोप न लागणे सुरू होते. स्थानिक बोलीत या अवस्थेला आरोस्तो म्हणतात. ज्या मुलाने हा आरोस्तो एकदा भोगला आहे त्याला नशेतील आनंदाचे आकर्षण फारसे उरलेले नसते. त्याला फक्त ती अवस्था टाळायची असते. धुरातून बराचसा माल वाया जातो, तोच शिरेतून दिला तर निम्म्या मालात काम भागते. पैसे संपत आलेल्या मुलाला सुईकडे नेणारे कारण बहुधा हेच असते. २०१०च्या अखेरीस आणि २०११च्या सुरुवातीस केनियाच्या किनाऱ्यावर पोलिसी कारवाईमुळे हेरॉईनची टंचाई झाली होती. तेव्हा अनेकांनी धूर सोडला आणि थोड्या मालात भागावे म्हणून सुई धरली. पुरवठा तोडला की व्यसन तुटते, या समजुतीला तो काळ चांगलाच छेद देऊन गेला.

पहिली सुई कोण टोचतो, हा प्रश्न मी प्रत्येक नव्या रुग्णाला विचारत आलो. स्वतः टोचून घेणारा नवखा क्वचितच भेटतो. कट्ट्यावरचा एखादा जुना जाणकार, ज्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात, तो थोड्या मालाच्या मोबदल्यात टोचून देतो. मुलगी असेल तर बहुतेक वेळा तिचा जोडीदार टोचतो. सिरिंज एकच असते, ती आधी डॉक्टरच्या, मग जुन्यांच्या आणि शेवटी नवख्याच्या वाट्याला येते. नवख्याला शीर सापडवता येत नाही, सौदा करता येत नाही, स्वतःची सिरिंज बाळगण्याची त्याला भीती वाटते, आणि ‘मला आधी नवी द्या’ असे म्हणण्याचे धाडस त्याच्यात नसते. सुई हाती येण्याच्या आधीचे एक आणि नंतरचे एक, ही दोन वर्षे मला सर्वांत निर्णायक वाटतात. जुन्या रुग्णांपैकी ज्यांना एचआयव्ही आहे, त्यांतील पुष्कळांचा संसर्ग या काळात झालेला असावा असे त्यांच्या हकिकतींवरून दिसते. आणि नेमक्या याच काळात ते आमच्या कोणत्याही दवाखान्याच्या नोंदवहीत नसतात. आमच्याकडे माणूस येतो तो पाच-सात वर्षे नशा केल्यावर, घरातून बाहेर पडल्यावर, पायावर जखमा झाल्यावर.

संसर्गाचा मार्ग सुईच्या टोकापुरता मर्यादित नसतो. पुडी ज्या झाकणात किंवा चमच्यात विरघळवली जाते ते भांडे, गाळण्यासाठी वापरलेला कापसाचा बोळा आणि सिरिंज धुण्याचे पाणी या तिन्हींतून रक्त एकाकडून दुसऱ्याकडे जाते. सिरिंजच्या दांड्याने औषध पूर्ण ढकलल्यावरही टोकाशी थोडी जागा उरते आणि तीत रक्त राहते. सुई वेगळी काढता येणाऱ्या सिरिंजमध्ये ही जागा जास्त असते, सुई जोडूनच असलेल्या इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये फार कमी. अनुकूल तापमानात सिरिंजमधील रक्तात विषाणू कित्येक आठवडे जिवंत राहू शकतो हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. त्यामुळे ‘काल वापरलेली आहे, आता काही होत नाही’ हा कट्ट्यावरचा दिलासा खोटा आहे. याच मार्गाने हिपॅटायटिस सी तर एचआयव्हीपेक्षाही सहज पसरतो.

दार-एस-सलाममधून २००५च्या सुमारास एका भयंकर प्रथेची नोंद झाली. देहविक्रय करणाऱ्या काही स्त्रिया नुकतेच हेरॉईन टोचून घेतलेल्या मैत्रिणीच्या शिरेतून रक्त सिरिंजमध्ये ओढून ते आपल्या शिरेत टोचून घेत, कारण जिच्याकडे पुडीचे पैसे नाहीत तिला निदान आरोस्तोपासून थोडी सुटका मिळावी अशी त्यांची भावना होती. दक्षिण आफ्रिकेत २०१७ च्या सुमारास अशाच प्रकाराला ‘ब्लूटूथ’ हे नाव देऊन वृत्तपत्रांनी मोठी प्रसिद्धी दिली. अशा घटना घडतात हे खरे असले तरी त्या सर्रास घडत नाहीत, आणि रक्तात उतरलेले हेरॉईन इतके विरळ असते की त्यातून फारसा गुण येत नाही. मला या बातम्यांची चिंता वेगळ्याच कारणाने वाटते. त्या वाचून लोकांना वाटते की हे कोणी निराळेच प्राणी आहेत, आणि मग साध्या सिरिंजसाठी, साध्या दवाखान्यासाठी आग्रह धरणारे कोणी उरत नाही. त्या स्त्रियांनी केले ते दारिद्र्यातील मैत्रीच्या पोटी केले, आणि त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या रक्ताने चुकवली.

मुलींबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण आकडेवारीत त्या कमी दिसतात आणि दवाखान्यात त्याहूनही कमी. पूर्व आफ्रिकेत हेरॉईन घेणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण थोडे आहे. मात्र त्यांच्यातील एचआयव्हीचे प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून अधिक असल्याचे नैरोबी आणि दार-एस-सलाममधील पाहण्यांत आढळले आहे. सुईच्या रांगेत त्या शेवटी असतात, शिवाय स्वतःच्या आणि पुष्कळदा जोडीदाराच्याही पुडीचे पैसे शरीर विकून आणण्याचे काम त्यांच्यावर पडते. आरोस्तो चढत असताना आलेल्या गिऱ्हाइकाशी निरोधविषयी वाद घालण्याची ताकद कोणाच्यातही नसते. तिला झालेला संसर्ग सुईतून की संबंधातून, हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहतो. तिच्या आयुष्यात ते दोन्ही मार्ग एकच आहेत. ती गरोदर राहिली तर प्रसूतिगृहात तिला व्यसनी म्हणून वागणूक मिळते, त्यामुळे ती पुन्हा येत नाही आणि बाळाला संसर्गापासून वाचवणारी औषधे असूनही ती बाळापर्यंत पोहोचत नाहीत.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की सुई हा संबंधाचा सर्वांत तीव्र भाग आहे, एकमेव नाही. संख्येचा विचार केला तर आफ्रिकेतील तरुणांत एचआयव्हीशी सर्वाधिक जोडलेला पदार्थ दारू हाच आहे. नशेत निरोध राहून जातो, मुलींवर अत्याचार होतात, आणि ज्यांना आधीच संसर्ग आहे त्यांच्या गोळ्या चुकतात. केप टाउनच्या वस्त्यांत मेथॅम्फेटामाइन, ज्याला तेथे टिक म्हणतात, दोन दशकांहून अधिक काळ हेच करत आले आहे. दक्षिण आफ्रिकेतील न्याओपे किंवा वूंगा या गांजामिश्रित हेरॉईनमध्ये एचआयव्हीच्या गोळ्या कुटून घातल्या जातात अशी समजूत २०१०च्या सुमारास डर्बनच्या परिसरात पसरली आणि रुग्णांच्या हातातील औषधे हिसकावल्याच्या बातम्या येऊ लागल्या. सिएरा लिओनमध्ये ‘कुश’ या कृत्रिम नशेमुळे राष्ट्राध्यक्ष ज्युलियस माडा बिओ यांनी एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. कुश मुख्यतः ओढला जातो, त्यामुळे तेथे रक्तातून प्रसाराचा प्रश्न वेगळा आहे, परंतु रस्त्यावर आलेल्या मुलांच्या लैंगिक शोषणाचा प्रश्न तोच आहे.

पश्चिम आफ्रिकेच्या बाबतीत एक गोष्ट महाराष्ट्रातील वाचकांनी जाणून घ्यावी असे मला तळमळीने वाटते. नायजेरियात २०१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १५ ते ६४ वयोगटातील १४.४ टक्के लोकांनी, म्हणजे सुमारे १ कोटी ४३ लाख लोकांनी, आदल्या वर्षात दारू-तंबाखू सोडून अन्य नशा केली होती, आणि त्यांत अफूजन्य गोळ्या व कोडीनयुक्त खोकल्याची औषधे यांचा वाटा मोठा होता. या गोळ्यांचा बराच भाग भारतातून गेलेला आहे. भारताने एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमॅडॉल हे अफूसारखे वेदनाशामक अमली पदार्थविषयक कायद्याखाली आणले. त्यानंतर टॅपेंटाडॉल (तशाच प्रकारचे वेदनाशामक) आणि कॅरिसोप्रोडॉल (स्नायू सैल करणारे औषध) यांच्या मिश्रणाच्या गोळ्या घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट येथे विकल्या जाऊ लागल्या. २०२५च्या फेब्रुवारीत मुंबईतील एका औषध कंपनीचे नाव पत्रकारांच्या शोधातून पुढे आले, तेव्हा भारत सरकारने या मिश्रणाच्या उत्पादनाच्या आणि निर्यातीच्या परवानग्या मागे घेतल्या. अशा गोळ्या गिळल्या जातात, टोचल्या जात नाहीत, हे मान्य. पण अफूजन्य पदार्थाची शारीरिक सवय लागलेली एक पिढी तयार झाली की तिला सुईपर्यंत नेण्यास स्वस्त हेरॉईनचा एक हंगाम पुरतो, आणि त्या सवयीचा पाया आपल्या राज्यातील कारखान्यांत घातला जात असेल तर त्याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

आता उपायांकडे येतो. येथे मला मॉरिशसचे उदाहरण सर्वांत उपयोगी वाटते. या बेटावर मराठी वंशाची कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आहेत आणि हा प्रश्न तेथे कोणत्याही एका समाजापुरता राहिलेला नाही. २००५ मध्ये मॉरिशसमध्ये नोंदल्या गेलेल्या नव्या एचआयव्ही संसर्गांपैकी ९० टक्क्यांहून अधिक शिरेतून नशा करणाऱ्यांमध्ये होते. एवढ्या लहान देशात एका वर्षात नऊशेच्या वर नवे रुग्ण सापडले होते. २००६ मध्ये सरकारने मेथाडोन (हेरॉईनऐवजी देखरेखीखाली दिले जाणारे औषध) उपचार सुरू केले, त्याच वर्षी स्वयंसेवी संस्थांनी सुया-सिरिंज बदलून देण्याचे काम हाती घेतले आणि त्याला कायद्याचे संरक्षण मिळावे म्हणून एचआयव्ही व एड्सविषयक कायदा संमत झाला. दहा वर्षांच्या आत नव्या संसर्गांतील या गटाचा वाटा सुमारे एक तृतीयांशापर्यंत उतरला. तरीही २०१५ मध्ये मेथाडोनवर नव्या रुग्णांना घेणे सरकारी निर्णयाने थांबवण्यात आले आणि ते पुन्हा सुरू व्हायला दोन वर्षे गेली. यश आलेले दिसू लागले की उपाय अनावश्यक वाटू लागतो. सार्वजनिक आरोग्यात हे वारंवार घडते आणि त्याची किंमत सर्वांत तरुण रुग्ण देतात, कारण थांबवले जातात ते नवे प्रवेश.

टांझानियाने फेब्रुवारी २०११ मध्ये दार-एस-सलामच्या मुहिंबिली रुग्णालयात मेथाडोन सुरू केले. केनियात डिसेंबर २०१४ मध्ये नैरोबीच्या मथारी रुग्णालयात आणि पुढच्या वर्षी मालिंदी व मोंबासा येथे ते सुरू झाले. सिरिंज देण्याचे काम केनियात त्याआधीच, २०१२-१३ च्या सुमारास सुरू झाले होते, आणि किनाऱ्यावरील काही धर्मगुरूंनी त्याला उघड विरोध केला होता. तो विरोध वादाने शमला नाही. ज्या घरांतील मुले दगावत होती त्या घरांतील वडीलधाऱ्यांना दवाखान्यात बोलावून, कोणाला काय दिले जाते आणि का, हे दाखवल्यावर तो हळूहळू निवळला. मालिंदीत १९९५ पासून काम करणाऱ्या ओमारी प्रोजेक्टसारख्या आणि मोंबासातील रीचआउट सेंटरसारख्या स्थानिक संस्थांचा त्यात मोठा वाटा आहे.

मेथाडोन म्हणजे एका नशेच्या जागी दुसरी नशा, असा आक्षेप आपल्याकडेही ऐकू येतो. मेथाडोन हे तोंडाने घेण्याचे द्रव औषध आहे, रोज परिचारिकेसमोर प्यायचे असते, आणि त्याचा परिणाम चोवीस तास टिकत असल्याने आरोस्तो होत नाही, गुंगी येत नाही आणि दिवसाचे काम करता येते. अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासले असता या उपचाराने शिरेतून नशा करणाऱ्यांमधील एचआयव्ही संसर्गाचा धोका निम्म्याने घटतो असे दिसले आहे. माझ्या दृष्टीने त्याचा याहून मोठा लाभ असा की माणूस रोज दवाखान्यात येतो. त्याच खिडकीवर त्याला एचआयव्हीची गोळी देता येते, क्षयाचे औषध देता येते, जखम धुता येते.

येथे उपचार करणाऱ्या सहकाऱ्यांसाठी एक तांत्रिक बाब नोंदवतो, कारण तिच्याकडे दुर्लक्ष झाल्याने रुग्ण हातचे जातात. एचआयव्हीवरील एफाविरेन्झ आणि नेव्हिरापिन ही जुनी औषधे, तसेच क्षयावरील रिफाम्पिसिन, यांमुळे यकृतात मेथाडोनचे विघटन वेगाने होते. अशा रुग्णाला औषध सुरू केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा आरोस्तो जाणवू लागतो, तो एचआयव्हीच्या गोळीला दोष देऊन ती सोडतो, किंवा उरलेली कसर बाहेरच्या पुडीने भरून काढतो. मेथाडोनची मात्रा वेळीच वाढवली तर हे टळते. एचआयव्हीसाठी सध्या बहुतेक ठिकाणी दिले जाणारे डोल्युटेग्राविर मेथाडोनमध्ये ढवळाढवळ करत नाही, हा मोठा दिलासा आहे. मात्र रिफाम्पिसिन सुरू असेल तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावे लागते, आणि रिफाम्पिसिन बंद केल्यावर वाढवलेले मेथाडोन हळूहळू खाली आणणेही विसरून चालत नाही.

इतके सगळे उपलब्ध असूनही तरुण मुले त्यात का दिसत नाहीत? बहुतेक मेथाडोन कार्यक्रमांत किमान वय १८ आहे, आणि त्याखालील मुलासाठी पालकांची संमती लागते, जे पालक एकतर अंधारात असतात किंवा मुलाला घराबाहेर काढून मोकळे झालेले असतात. प्रवेशापूर्वी काही काळ एखाद्या संस्थेच्या कार्यकर्त्याने ओळखलेले असावे लागते. दवाखाना सकाळचा असतो, रोज यावे लागते, बसभाडे लागते, आणि शाळेत किंवा उमेदवारीवर असलेल्या मुलाला ते जमत नाही. रांगेत उभे राहिले की ओळखीचा कोणीतरी पाहतो. सतरा वर्षांच्या मुलाला सिरिंज द्यावी का, या प्रश्नावर भले भले कार्यकर्ते अडखळतात. पण तो मुलगा आज संध्याकाळी टोचून घेणारच आहे, मग ती सुई कोणाची असावी एवढाच निर्णय आपल्या हाती असतो. माझे मत या बाबतीत ठाम आहे, आणि त्याला वैद्यकीय आधार आहे : वयाची अट ही सर्वांत आधी काढून टाकण्याजोगी अट आहे.

पैशाचा प्रश्न तर आहेच. अमेरिकेच्या मदतीवर या भागातील एचआयव्ही कार्यक्रमाचा फार मोठा भाग उभा आहे. तिच्या संघराज्य निधीतून सिरिंज विकत घेण्यास बंदी आहे, त्यामुळे तो भार इतर देणगीदारांवर पडतो. जानेवारी २०२५ मध्ये ही परदेशी मदत अचानक थांबवण्यात आली, तेव्हा जीवरक्षक उपचारांना काही दिवसांत सूट मिळाली. मात्र वस्तीवर जाऊन नव्या मुलांना शोधणारे कार्यकर्ते आणि प्रतिबंधक गोळ्या बहुतांशी त्या सवलतीबाहेर राहिल्या. डर्बनमध्ये २०१८ मध्ये वापरलेल्या सुया उघड्यावर सापडल्याचे कारण देऊन महापालिकेने सिरिंज कार्यक्रमच दोन वर्षे बंद पाडला होता. अशा वेळी मेथाडोनवर आधीपासून असलेला चाळिशीचा रुग्ण कसाबसा तगून राहतो. जो कट्ट्यावर काल पहिल्यांदा गेला, त्याच्याकडे जाणारा माणूसच राहत नाही.

आता शाळेबद्दल. भीतीच्या व्याख्यानाचा दोष असा की ज्याने अजून काहीच केलेले नाही त्याला ते थोडा वेळ घाबरवते, आणि ज्याने सुरुवात केली आहे त्याला गप्प करते. तुम्हाला ज्याच्यापर्यंत पोहोचायचे आहे तो दुसरा मुलगा आहे. बाई, माझी विनंती अशी की ती दोन व्याख्याने एकत्र करा आणि त्यांत माहिती द्या. गांजात मिसळून येणारी उंगा कशी ओळखावी, तिची शारीरिक सवय किती लवकर लागते, पहिली सुई कोण टोचतो आणि ती सिरिंज आधी कोणाच्या अंगात गेलेली असते, हे मुलांना स्वच्छ शब्दांत सांगा. दूषित सुई टोचली गेली किंवा अत्याचार झाला, तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची प्रतिबंधक औषधे सरकारी रुग्णालयात मिळतात, हे प्रत्येक मुलामुलीला पाठ असले पाहिजे. संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत नेहमीची चाचणी निर्दोष येऊ शकते आणि त्याच काळात रक्तात विषाणू सर्वाधिक असतो, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करायची असते, हेही त्यांना कळू द्या.

एखादा मुलगा वर्गात सारखा पेंगतो आहे, दुपारनंतर घामेजून अस्वस्थ होतो, भर उन्हात लांब बाह्या घालतो आणि त्याच्या वस्तू एकेक करून नाहीशा होत आहेत असे दिसले, तर त्याला शाळेतून काढण्याची घाई होऊ देऊ नका. शाळा कायमची सुटली की त्याच्यावर नजर असणारे शेवटचे मोठे माणूसही सुटते, आणि माझ्याकडे आलेल्या कित्येकांच्या हकिकतीत हकालपट्टी आणि पहिली सुई यांच्यात फारच थोडे अंतर होते. त्याला एकट्याला बाजूला घेऊन तो ओढतो आहे की टोचतो आहे, एवढे रागावल्याशिवाय विचारा. अजून ओढत असेल तर हातात वेळ आहे, आणि तो वेळ महिन्यांत मोजायचा असतो. टोचत असेल तर त्याच आठवड्यात एचआयव्ही आणि हिपॅटायटिसची चाचणी व्हायला हवी, सोबत कोणीतरी गेले पाहिजे, आणि निकाल काहीही आला तरी मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन या त्यासारख्याच औषधासाठी नाव घालायला हवे. साखळीने बांधणाऱ्या, मारहाण करणाऱ्या खासगी ‘सुधारगृहां’पासून पालकांना परावृत्त करा. तेथून परतलेल्या मुलाच्या शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते, तो जुन्याच मात्रेने टोचून घेतो आणि श्वास बंद पडून जातो. केनियात राष्ट्रीय व्यसनविरोधी प्राधिकरणाची ११९२ आणि मुलांसाठीची ११६ या मदतवाहिन्या विनामूल्य आहेत. ते क्रमांक मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूस लावा, म्हणजे कोणाच्या नजरेस न पडता ते टिपून घेता येतील.